तार संपली तरी गाडी चालतेच!

जपानमध्ये तोचिगी नावाचा प्रांत आहे. तिथल्या उत्सुनोमिया स्टेशनातून दोन डब्यांची एक छोटीशी गाडी निघते. वर विजेची तार, आणि टपावर तारेला टेकलेला पेंटोग्राफ. मुंबईच्या लोकलवर असतो ना, तसाच. साधारण बारा किलोमीटर गेल्यावर होशाकुजी स्टेशन येतं. तिथे गाडी थांबते आणि चालक पेंटोग्राफ चक्क खाली घेतो! कारण इथून पुढे कारासुयामापर्यंतच्या वीस किलोमीटरांवर ना तार आहे, ना तारेचे खांब. तरीही गाडी निघते. धूर नाही की डिझेल इंजिनाची धडधड नाही.

मग वीज येते कुठून? प्रवाशांच्या पायांखालून! डब्यांच्या तळाशी लिथियम-आयन बॅटऱ्या बसवलेल्या आहेत. तारेखालून धावताना गाडी त्या भरून घेते. किती वीज मावते त्यांत? १९० किलोवॉट-तास. विजेच्या बिलावर ज्याला आपण युनिट म्हणतो, तेच हे. म्हणजे १९० युनिट. एवढ्या विजेवर ७५ वॉटचा पंखा रात्रंदिवस चालवला, तर तो जवळजवळ साडेतीन महिने फिरत राहील. गाडीला मात्र तेवढ्यातच डबे ओढायचे, दिवे लावायचे आणि थंडीत माणसांना ऊबही द्यायची असते. म्हणून स्टेशनात सगळी दारं आपोआप सताड उघडत नाहीत. ज्याला चढायचं-उतरायचं असेल त्याने बटण दाबायचं.

शिवाय ही गाडी थांबता थांबतासुद्धा थोडी वीज कमावते. एरवी मोटर चाकांना फिरवते. ब्रेक लावला की उलटं होतं, चाकं मोटरला फिरवतात, आणि अशी फिरवलेली मोटर वीज तयार करते. मुंबईच्या लोकलही असंच करतात, पण त्यांची वीज तारेत परत जाते. इथे तार कुठली? म्हणून ती सरळ बॅटरीत जमा होते. हा सगळा विजेचा प्रवास डब्यातल्या पडद्यावर चित्रात दिसतो. मला तर वाटतं, तिथली मुलं खिडकीपेक्षा पडद्याकडेच जास्त बघत असतील.

या गाडीचं नाव आक्युम. १५ मार्च २०१४ रोजी ती प्रवाशांसाठी धावू लागली. त्याआधी या मार्गावर डिझेलच्या गाड्या होत्या. मार्च २०१७ पर्यंत त्या सगळ्या गेल्या.

आता तुम्ही विचाराल, उरलेल्या वीस किलोमीटरांवर तारच का नाही टाकली? प्रश्न अगदी बरोबर आहे. पण तारेबरोबर खांब येतात, वीज पुरवणारी उपकेंद्रं येतात, आणि वर्षानुवर्षं त्या सगळ्याची देखभाल येते. ज्या मार्गावर दोन डब्यांच्या मोजक्याच गाड्या धावतात, तिथे एवढा खर्च परवडत नाही.

तरी कारासुयामाला, मार्गाच्या शेवटी, थोडीशी सोय करावीच लागली. परत जायला वीज नको का? तिथे फलाटापाशी, गाडी उभी राहते तेवढ्याच जागेवर विजेची व्यवस्था आहे. गाडी आली की पेंटोग्राफ वर जातो आणि साधारण दहा मिनिटांत बॅटऱ्या पुन्हा तयार!

पण गंमत पुढेच आहे. तिथे वर नेहमीची बारीक तार नाही, धातूचा जाडजूड, ताठ दांडा आहे. का बरं? धावत्या गाडीचा पेंटोग्राफ तारेवरून सरकत असतो, त्यामुळे एकच जागा तापत राहत नाही. उभ्या गाडीचा मात्र एकाच ठिकाणी टेकलेला असतो, आणि झटपट भरायचं तर तिथूनच खूप मोठा विद्युतप्रवाह जातो. बारीक तार त्या जागी तापून खराब होईल.

बॅटरीवर आगगाडी चालवायचा ध्यास तसा जुनाच आहे. स्कॉटलंडच्या रॉबर्ट डेव्हिडसन यांनी १८४२ मध्ये असं इंजिन रुळांवर चालवून दाखवलं होतं. त्याचा वेग होता ताशी सहा किलोमीटरच्या आसपास, आणि त्याच्या बॅटऱ्या पुन्हा भरता येत नव्हत्या. पुढे जर्मनीत शिशाच्या बॅटऱ्यांवरच्या गाड्या खूप वर्षं धावल्या, पण शिसं फार जड. हलक्या लिथियम बॅटऱ्या आल्या आणि चित्र पालटलं. २०२१ मध्ये जर्मनीतल्या एका चाचणीत अशी गाडी एकदा भरलेल्या बॅटरीवर २२४ किलोमीटर गेली. तिथल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यात ऑक्टोबर २०२३ पासून बॅटरीच्या गाड्या प्रवाशांना घेऊन धावू लागल्या. त्या राज्याने अशा ५५ गाड्या मागवल्या होत्या.

जपानमध्येही आक्युमला भावंडं मिळाली. उत्तरेकडच्या ओगा मार्गावर मात्र आक्युम जशीच्या तशी चालली नसती. तिच्या घरच्या तारेत १,५०० व्होल्टचा एकाच दिशेने वाहणारा प्रवाह असतो, तर तिकडच्या तारेत २०,००० व्होल्टचा, सतत दिशा बदलणारा. म्हणून २०१७ मध्ये तिकडे वेगळी गाडी आणली. ओगाला एक भारी प्रथा आहे. ३१ डिसेंबरच्या रात्री राक्षसांचे मुखवटे घातलेली माणसं घरोघर जातात आणि ‘इथे कुणी आळशी मूल आहे का?’ म्हणून दरडावून विचारतात. त्यांना नामाहागे म्हणतात. आणि गाडीचा एक डबा लाल नामाहागेच्या रंगाचा, तर दुसरा निळ्या नामाहागेच्या!