दात खाण्याची सवय आणि दंतसौंदर्योपचार : एक विवेचन

प्रस्तावना :
झोपेत दात खाणाऱ्या मुलाच्या पोटात जंत झाले असावेत, हा समज महाराष्ट्रात घरोघरी आढळतो. प्रौढांच्या बाबतीत मात्र पुढचे दात झिजून आखूड दिसू लागेपर्यंत या सवयीची दखल फारशी घेतली जात नाही. अशी व्यक्ती दंतवैद्याकडे जाते ती बहुधा दात सुंदर करून घेण्यासाठी. त्यापूर्वी कोणता विचार व्हावयास हवा, हे प्रस्तुत लेखात मांडले आहे.

सवयीचे स्वरूप :
या सवयीस वैद्यकीय परिभाषेत 'ब्रक्सिझम' म्हणतात. २०१३ व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या सहमतीनुसार तिचे झोपेतील व जागेपणीचा असे दोन प्रकार मानले जातात. जागेपणी दात आवळून धरण्याचा मानसिक ताणाशी संबंध असतो. 'दातओठ खाणे' या वाक्प्रचाराने तो फार पूर्वीच टिपला आहे, असे म्हणावयास हरकत नाही. झोपेतील क्रिया मात्र निद्रेतील क्षणिक अर्धजागृतीशी निगडित असून तिचे नियंत्रण मेंदूतून होते. काही नैराश्यविरोधी औषधांमुळेही ती उद्भवू शकते. पूर्वी दातांची सदोष ठेवण हे मूळ कारण समजून उंच भाग घासून समतल केले जात. या उपायास आज शास्त्रीय आधार उरलेला नाही. तात्पर्य, दात नवे बसविले म्हणून सवय जात नाही. जो भार जुन्या दातांवर पडत होता, तोच नव्यावर पडतो.

सौंदर्योपचारातील अडचण :
१९५५ मध्ये मायकेल ब्युओनोकोर यांनी आम्लाच्या साहाय्याने इनॅमलचा पृष्ठभाग चिकटविण्यायोग्य करण्याची पद्धत मांडली. आजचे व्हिनिअर, म्हणजे दातावर चिकटविला जाणारा पोर्सेलिनचा जेमतेम अर्धा-एक मिलिमीटर जाडीचा पापुद्रा, याच तत्त्वावर टिकून राहतात. परंतु दात खाणाऱ्या व्यक्तीचे इनॅमलच झिजलेले असते. खालच्या डेंटीनवर पकड तुलनेने कमी भरवशाची असते, आणि जागा करण्यासाठी उरलेले इनॅमल कोरले तर ते पुन्हा कधीही तयार होत नाही. पापुद्रा तडकण्याचा धोकाही अशा व्यक्तीत अधिक असतो. झिर्कोनियाचे मजबूत आवरण हा पर्याय अनेकदा सुचविला जातो; पण त्याचा पृष्ठभाग खडबडीत राहिल्यास समोरचा नैसर्गिक दात झिजतो. केवळ मजबुतीवर भर देणाऱ्या जाहिरातींत ही बाब क्वचितच येते.

उपचारांचा क्रम :
झीज घर्षणाची आहे की आंबट पेये वा आम्लपित्तामुळे झालेली आहे, हे प्रथम ठरवावे लागते. पुष्कळदा दोन्ही कारणे एकत्र असतात. रात्री घालावयाचा कठीण ॲक्रिलिकचा 'नाइट गार्ड' सवय थांबवीत नाही, मात्र दातांचे संरक्षण करतो. त्यावर उमटणाऱ्या घर्षणखुणांवरून भार कोठे पडतो याचा अंदाजही येतो. बोट्युलिनमच्या इंजेक्शनाने चर्वणस्नायूंचा जोर काही महिने कमी होतो, इतकेच. यानंतर प्रथम काँपोझिटने दातांची उंची भरून पाहणे प्रस्तुत लेखकास अधिक इष्ट वाटते. काँपोझिटचा टवका उडतो, त्यावर डाग पडतात. पण त्यासाठी दात फारसा कोरावा लागत नाही आणि दुरुस्ती तुलनेने स्वस्तात होते. काही महिन्यांत तो कोठे तुटला, हे पाहूनच पोर्सेलिनचा निर्णय घ्यावा. पोर्सेलिन बसविल्यानंतरही नाइट गार्ड दीर्घकाळ वापरावा लागेल, हे रुग्णास पहिल्याच भेटीत, खर्च ठरविण्यापूर्वी, सांगितले गेले पाहिजे.