कऱ्हाडचा पत्ता सुटा करताना

संपादकांनी वाईच्या मराठी विश्वकोशावर लिहायला सांगितलं होतं. त्याचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. १९६० साली राज्याचं साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे अध्यक्ष झाले, कोशाचं काम कृष्णाकाठच्या वाईत चाललं आणि १९७६ मध्ये पहिला खंड निघाला. आज विश्वकोश इंटरनेटवर वाचता येतो. मी अडकलो तो त्याच्या पत्त्यात.

विश्वकोश डॉट मराठी डॉट जीओव्ही डॉट इन. हे नाव उजवीकडून उलगडतं: इन म्हणजे भारत, त्यात जीओव्ही म्हणजे सरकार, त्यात मराठी, त्यात विश्वकोश. नंतर तिरकी रेघ येते आणि दिशा पालटते. तिथून पुढचा मार्ग डावीकडून उजवीकडे जातो. प्रश्नचिन्हापुढे सर्व्हरसाठी जादा माहिती असते. हॅशपुढचा तुकडा मात्र ब्राउझर स्वतःजवळच ठेवतो, सर्व्हरला तो कधी दिसतच नाही. टिम बर्नर्स-ली आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ही रचना नियमांत बांधली. लिंक उघडेना झाली की जाणकार पत्ता याच सांध्यांवर सुटा करतात. ‘४०४’ आलं, तर सर्व्हर सापडला आहे आणि बोलतोही आहे. चूक बहुधा तिरक्या रेघेच्या पुढे शोधायची.

विश्वकोशाच्या पत्त्यात रेघेपुढे नोंदीचा क्रमांक असतो. मराठी विकिपीडिया तिथे थेट नाव लिहितो: सातारा, सांगली. वाचणाऱ्याला नावच बरं, आणि मीही नावाच्याच बाजूचा आहे. पण मूळ नियमांत रोमन अक्षरं, अंक आणि मोजक्या खुणा एवढ्यांनाच जागा होती. त्यामुळे देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत मोडतं आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेमागे दोन अक्षरांत लिहिला जातो. ‘स’ होतो %ई०%ए४%बी८. सातारा म्हणजे स, काना, त, काना, र, काना: सहा चिन्हं, ५४ अक्षरं. सांगलीतही अनुस्वार आणि वेलांटी धरून सहाच, म्हणून तीही ५४.

फरक आहे तो सांगलीच्या शेवटच्या वेलांटीत. आधीच्या पाचही चिन्हांत मधली जोडी ए४ आहे; दुसरी वेलांटी येते आणि तिथे ए५ होतं. एका मधल्या जोडीखाली ६४ चिन्हं मावतात, आणि देवनागरीच्या कोष्टकात ती सीमा नेमकी पहिल्या आणि दुसऱ्या वेलांटीच्या मधोमध पडते: पहिली %ई०%ए४%बीएफ, दुसरी %ई०%ए५%८०. हे ध्यानात आल्यावर टक्क्यांच्या त्या रांगा मला वाचता येऊ लागल्या. %२५ई० दिसलं, तर कुठल्या तरी प्रणालीने आधीच मोडलेला पत्ता पुन्हा मोडला आहे, कारण %२५ म्हणजे खुद्द टक्क्याची खूण.

खरी अडचण सातारा जिल्ह्यातच, कऱ्हाडला आहे. यातला ‘ऱ्ह’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकीत नुक्त्याचा ऱ आणि त्याचा पाय मोडलेला. दुसरीत साधा र, मोडलेला पाय आणि पाठोपाठ एक न दिसणारं जोडचिन्ह, %ई२%८०%८डी. पडद्यावर दोन्ही कऱ्हाड हुबेहूब सारखे. पत्ता उलगडला की एक ५४ अक्षरांचा निघतो, दुसरा ६३ अक्षरांचा. सर्व्हरच्या लेखी ही दोन वेगळी पानं आहेत. एक उघडेल, दुसऱ्यावर ४०४. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरणही या दोघांना एक करत नाही. डोळ्यांनी कितीही तपासलं तरी ही चूक सापडायची नाही. तुकडे करून बाइट मोजावेच लागतात.

आणि हे एका गावापुरतं नाही. ‘सातारा’ सुरक्षित आहे, पण ‘साताऱ्यात’ म्हटलं की तोच ऱ आला. सांगलीचं ‘सांगलीत’ होतं, ती सुटते. बातमीच्या मथळ्यावरून पत्ता तयार करणाऱ्या संकेतस्थळांवर साताऱ्याची बातमी त्यामुळे अधिक धोक्यात असते, आणि त्याहून मोठी काळजी ‘शेतकऱ्यांसाठी’ या शब्दाची. योजनेच्या पानाच्या पत्त्यात तो असला आणि कुणी हाताने टाइप केला, तर पान उघडणं कीबोर्डवर अवलंबून राहतं. शोध घेण्याआधी दोन्ही रूपं एकाच रूपात आणायची, एवढी तजवीज सर्व्हरवर करता येते. काम थोडक्या ओळींचं आहे आणि मराठी पत्ते वापरणाऱ्या प्रत्येक संकेतस्थळाने ते करायला हवं.