तिसऱ्यांच्या वाट्याचा गाळ

फैजपूर-यावलच्या केळीपट्ट्यात गाळाला नावे ठेवणारा शेतकरी सापडणे कठीण. तापीकाठची केळी गाळाच्याच जमिनीवर पोसली आणि 2017पासून सरकारही ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ म्हणू लागले. नदीच्या मुखाशी, गोडे आणि खारे पाणी मिसळते तिथल्या तळावरच्या जीवांचा हिशेब मात्र वेगळा असतो. तो बघायला गोव्यात जावे लागते.

डिचोली, सत्तरी, सांगे हा लोहखनिजाचा मुलूख. एक टन खनिजासाठी साधारण अडीच-तीन टन माती-दगड उपसावे लागतात. त्यांचे ढीग टेकड्यांएवढे होतात आणि पावसाळ्यात लालभडक पाणी मांडवी-झुआरीत उतरते. खनिजही बार्जमधून याच नद्यांवाटे मुरगाव बंदराकडे जायचे. वाटेत सांडायचे ते वेगळेच.

तिसऱ्या, खुबे हे शिंपले म्हणजे पाणी कल्ल्यांतून गाळून खाणारे जीव. पाण्यात खाणीची बारीक माती वाढली की कल्ले तुंबतात आणि खाण्यापेक्षा सफाईतच ताकद संपते. पिल्लांना तर टेकायला हवी तशी जागाच मिळत नाही. गाळात बिळे करणारे वलयी कृमी एरवी ताजे पाणी, म्हणजेच प्राणवायू, खाली नेतात. वरून चिकणमातीचा थर बसला की तेही थांबते. खालचा चिखल काळा पडतो, सडक्या अंड्यासारखा वास मारतो.

दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील परुळेकर, अन्सारी आणि इंगोले यांनी 1986मध्ये याची नोंद प्रसिद्ध केली: शिंपल्यांचे उत्पादन 70 टक्क्यांहून अधिक घटलेले, मूळचे रहिवासी जवळपास नाहीसे, त्यांच्या जागी काहीही सोसणाऱ्या मोजक्या उपऱ्या जाती. म्हणून नुसती डोकी मोजणे फसवे. जगभरच्या प्रदूषित तळांवर कॅपिटेला नावाचा कृमी बेसुमार वाढतो. आकडा भरघोस दिसतो, पण तळ आजारीच असतो.

2012मध्ये खाणी थांबल्या, पुढे अटींसह सुरू झाल्या, 2018मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 पट्टे रद्द केले. बार्ज थांबले म्हणून ढिगारे थोडेच हलणार? पाऊस त्यांची माती खाली आणतो, आणि उन्हाळ्यात नदीचा जोर ओसरला की भरतीचे पाणी तीच माती आत-बाहेर घोळवते. त्यामुळे तळ सावरला का हे बघताना शिंपल्यांचे आकारही मोजायला हवेत. सगळीच पिल्ले असतील, तर ती तिथे वाढेपर्यंत टिकत नाहीत असा संशय घ्यावा लागतो.