कीटकनाशके आणि गोड्या पाण्यातील कासवांची अंडी

कासव पाण्यात राहत असले तरी त्याची अंडी जमिनीतच उबतात. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात स्नॅपिंग कासवाच्या (चेलिड्रा सर्पेंटिना) माद्या शेतांच्या मोकळ्या मातीतही घरटी करतात. अंड्याचे लवचिक, सच्छिद्र कवच मातीतील ओलावा शोषून घेते व त्याबरोबर विषद्रव्येही आत शिरतात. बटाट्याच्या लागवडीपूर्वी मातीत घालण्यात येणाऱ्या मेटम सोडियमपासून विषारी वायू निर्माण होतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्याच्या नेहमीच्या मात्रेनेही अंड्यांतील सर्व भ्रूण मृत झाले.

याहून सूक्ष्म परिणाम लिंगनिश्चितीवर होतो. पुष्कळ कासवांत पिलाचे लिंग उबवणीच्या तापमानावर अवलंबून असते. तांबड्या कानाच्या स्लायडर कासवाची अंडी नर निपजणाऱ्या तापमानात ठेवली असताही क्लोर्डेनच्या संपर्काने त्यांतून माद्या निपजतात, असे विलिंगहॅम व क्रूज यांनी १९९९ मध्ये दाखविले.

ही हानी सहसा लवकर लक्षात येत नाही. ऑन्टारियोतील अल्गॉन्क्विन उद्यानात स्नॅपिंग कासवाची मादी प्रथम अंडी घालते ती सतरा ते एकोणीस वर्षांची झाल्यावर. नवी पिढी खुंटली तरी दीर्घायुषी प्रौढ कासवे तळ्यात दिसतच राहतात. म्हणून केवळ प्रौढांची गणना करून भागत नाही. घरट्यातील माती व अंडी यांचेही परीक्षण आवश्यक ठरते.