धोका कोणाला सांगायचा?

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ऑरेगॉन राज्यात, भर समुद्रात जेमतेम एकरभर काळा खडक आहे. त्यावर टिलामूक रॉक नावाचे दगडी दीपगृह आज ओसाड उभे आहे. त्याच्या वादळांच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. आम्हाला ते उभारणाऱ्या मजुरांविषयी सांगायचे आहे.

सप्टेंबर १८७९ मध्ये जॉन ट्रेवावास हे अनुभवी गवंडी पाहणीसाठी खडकावर उतरताना लाटेने ओढले गेले. त्यांचे प्रेतही सापडले नाही. किनाऱ्यावर घबराट पसरली. तेव्हा कामावरच्या अधिकाऱ्याने काय करावे? नव्या मजुरांच्या कानावर ही चर्चा जाऊ नये म्हणून त्यांना गावापासून दूर नेऊन ठेवले! ज्याचा जीव जायचा, त्यालाच धोका ठाऊक नाही.

ऑक्टोबरात मजूर खडकावर उतरले. राहायला कापडी तंबू. सुरुंग लावून त्यांनी खडकाचा माथा सपाट केला. जानेवारी १८८० च्या वादळात त्यांची शिधासामग्री वाहून गेली आणि कित्येक दिवस मदत पोहोचली नाही. तरीही बांधकाम चालूच राहिले.

काम संपत आले असता, ३ जानेवारी १८८१ च्या रात्री धुक्यात लुपाशिया हे जहाज खडकाजवळ आले. मजुरांनी कंदील दाखवले, जाळ केला. जहाज वळले, पण पुढे किनाऱ्यावर आपटले. सोळाही खलाशी बुडाले, वाचला तो एक कुत्रा. दीपगृहाचा दिवा लागला २१ जानेवारीला, म्हणजे अठरा दिवसांनी.

पुढे ७६ वर्षे तो जळत राहिला. १९३४ च्या वादळात त्याचे भिंग फुटले. १९५७ मध्ये दीपगृह बंद झाले आणि पुढे विकले गेले. १९८० पासून तेथे मृतांच्या अस्थी ठेवण्याचा धंदा झाला. त्याचा परवाना १९९९ मध्ये रद्द झाला. आता तेथे समुद्रपक्षी राहतात.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणणारे विधेयक त्यांनीच मांडले. मजुराचा जीव स्वस्त नाही, ही त्यांची शिकवण. पण आजही, २०१३ चा कायदा असताना, आपल्या भावांना विषारी वायूची कल्पना न देता गटारात उतरवले जाते.

म्हणून बंधू-भगिनींनो, मुलगा किंवा मुलगी नव्या कामावर निघाली की घरातच शिकवा: आधी विचार, धोका काय आणि साधने कोणती? विचारणे हा उद्धटपणा नव्हे, तो हक्क आहे.