सोयाबीनची काढणी आणि आगीपासून राखण

आश्विन लागला की आपल्या जालना जिल्ह्यात सोयाबीनची काढणी सुरू होते. मंठा, परतूर, घनसावंगी, कुठेही जा. पाला गळालेला असतो. शेंगा खुळखुळ वाजत असतात. कुठे विळ्याने सोंगणी चालते, तर कुठे हार्वेस्टर फिरतो. कापणी आणि मळणी तो एकदमच करतो. मजूर मिळेनात, म्हणून आपण तो भाड्याने आणतो. काम झटपट होते, हे खरे. पण वाळल्या पिकात यंत्र चालले की आगीचे भय आलेच. चार महिन्यांचे कष्ट घटकाभरात राख होतात. म्हणून आग लागते कशी, ते आधी समजून घेऊ.

आगीला तीन गोष्टी लागतात : जळण, हवा आणि उष्णता. आपली चूल याच तिन्हींवर पेटते. शेतात वाळला भुसा हे जळण. हवा तर मोकळीच. ती आपल्याला अडवता येत नाही. म्हणून भुसा आणि उष्णता यांची गाठ पडू द्यायची नाही. सारी युक्ती एवढीच.

यंत्रात उष्णता कुठे असते? इंजिन आणि धुराची नळी फार तापते. तिच्यावर भुसा साचला की तो धुमसू लागतो. बेअरिंगला ग्रीस नसले, तर घासून तेही तापते. पट्टा ढिला पडून घसरला, की जळका वास येतो. उघड्या वायरीतून ठिणगी पडते. गळके डिझेल तर आगीला आमंत्रणच.

मग करावं काय? सकाळी काम सुरू होण्याआधी भुसा झाडून घ्यावा. दिवसातही दोन-तीनदा यंत्र बंद करून झाडावा. चालत्या यंत्रात हात घालू नये. ग्रीस, पट्टे आणि डिझेलची नळी पाहावी. कडक उन्हात वारा फार सुटला, तर काम थोडे थांबवावे. शेतात बिडी ओढू नये. डिझेल भरताना इंजिन बंद ठेवावे.

अमेरिकेतही सोयाबीन पुष्कळ होते. तिथल्या शेतकऱ्यांना सांगतात, की आग विझवायची दोन नळकांडी यंत्रावर ठेवा. एक चालकाजवळ, दुसरे जमिनीवरून हाती येईल असे. आपणही भाडे ठरवतानाच मालकाला विचारावे, ‘नळकांडे आहे का? भरलेले आहे का?’ त्यात संकोच कसला?

मळणी यंत्राचीही तीच गोष्ट. ट्रॅक्टरच्या नळीतून उडालेली ठिणगी वाऱ्याने गंजीवर जाऊ नये, असे यंत्र लावावे. विजेच्या तारांखाली गंजी घालू नये. पाण्याची टाकी, ओली पोती आणि फावडे जवळ असावे.

एवढे करूनही आग लागली, तर चालकाने इंजिन बंद करून आधी खाली उतरावे. १०१ किंवा ११२ वर फोन करावा. आग लहान असेल तरच विझवायला जावे. डिझेलच्या आगीवर पाणी मारू नये. डिझेल पाण्यावर तरंगते आणि आग पसरते. माती टाकावी किंवा नळकांडे वापरावे. कपडे पेटले तर पळू नये, जमिनीवर लोळावे. आग मोठी झाली, तर यंत्राचा मोह सोडून दूर व्हावे.

यंत्र दुसरे मिळेल, पीकही पुढच्या वर्षी येईल. घरचा माणूस मात्र परत येत नाही. तहान लागल्यावर विहीर खणू नये, तसेच आग लागल्यावर पाणी शोधू नये.