जन्मभूमीतच परके : जमनालालजींचा जयपूर-प्रवास

वर्धा म्हटले की सेवाग्राम, पवनार आणि जमनालाल बजाज ही नावे ओघानेच येतात. वर्ध्याचे हे शेठजी मूळचे वऱ्हाड-विदर्भातले नव्हेत, हे मात्र अनेकांच्या लक्षात नसते. ४ नोव्हेंबर १८८९ रोजी जयपूर संस्थानातील सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वर्ध्याच्या शेठ बच्छराज यांच्या घराण्यात ते लहानपणीच दत्तक आले आणि वर्धेकर झाले. १९२८ साली येथील लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी हरिजनांसाठी खुले केले. गांधीजींना वर्ध्यात आणण्यातही त्यांचाच पुढाकार होता.

तरीही जन्मभूमीशी असलेला धागा तुटला नव्हता. १९३८ साली ते जयपूर राज्य प्रजामंडळाचे अध्यक्ष झाले. त्याच सुमारास शेखावाटीत दुष्काळ पडला. मदतकार्यासाठी जमनालालजी जयपूरकडे निघाले. २९ डिसेंबर १९३८ रोजी सवाई माधोपूरला, म्हणजे जयपूरसाठी गाडी बदलण्याच्या स्थानकावरच, त्यांच्या हाती संस्थानचा हुकूम पडला. त्यांच्या येण्याने शांतताभंग होईल, सबब प्रवेशास मनाई! दुष्काळग्रस्तांच्या भेटीला निघालेला माणूस वेशीवरूनच माघारी वळला.

असे कसे घडू शकले? त्या काळी संस्थाने ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायद्याबाहेर होती. वर्ध्याला असलेले नागरी स्वातंत्र्य संस्थानच्या हद्दीत लागू नव्हते. शिवाय, संस्थानांतील लढे काँग्रेसच्या नावाने चालवू नयेत, ते तेथील प्रजेने स्वतः उभारावेत, असे धोरण हरिपुरा काँग्रेसने १९३८ मध्येच ठरविले होते. त्यामुळे प्रजामंडळाला महत्त्व आले आणि दरबाराचा संशयही वाढला. जयपूरचे दिवाणपद तेव्हा एका इंग्रज अधिकाऱ्याकडे होते. जमनालालजी त्या दरबाराच्या दृष्टीने बाहेरचे आंदोलक होते. ते तर तेथलेच भूमिपुत्र होते. या मनाईतील अन्यायावर गांधीजींनी ‘हरिजन’मधून नेमके बोट ठेवले.

गांधीजींशी विचारविनिमय करून जमनालालजींनी हुकूम मोडण्याचे ठरविले आणि तसे आधी कळविले. १ फेब्रुवारी १९३९ रोजी ते हद्दीत शिरले. पोलिसांनी त्यांना बाहेर नेऊन सोडले. ते पुन्हा गेले, पुन्हा बाहेर काढले गेले. अखेर १२ फेब्रुवारीला त्यांना स्थानबद्ध करून मोरांसागर या आडवळणी ठिकाणी ठेवण्यात आले. ज्या मुलखातून त्यांना हुसकावले जात होते, त्याच मुलखात आता सक्तीचा मुक्काम! मार्चमध्ये गांधीजींच्या सल्ल्याने सत्याग्रह स्थगित झाला, पण जमनालालजींची सुटका व्हायला ऑगस्ट उजाडला. तोवर प्रकृती ढासळली होती.

काही दिवसांच्या दौऱ्याला निघालेला हा प्रवास असा आठ महिने लांबला. दुष्काळाचे काम बाजूला राहिले. पण संस्थानी प्रजेलाही संघटनेचा आणि संचाराचा हक्क आहे, हा प्रश्न देशासमोर आला. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी जमनालालजी वर्ध्यात निवर्तले. जयपूर १९४९ साली राजस्थानात विलीन झाले आणि ती वेस पुसली गेली. ती पुसली गेलेली पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते.